बुडून परत आलेली ऑर्फेलिना

आमच्या बेटावर कुणी बुडालं की तीन घरी निरोप जातो. एक प्रार्थना सांगणाऱ्या एलिसेओकाकांकडे, एक शवपेटी करणाऱ्या सुताराकडे आणि एक ऑर्फेलिनामावशीकडे. काका नऊ दिवस दुपारी जपमाळ म्हणवून घेतात. सुतार फळ्या कापतो. ऑर्फेलिनामावशी तिसऱ्या दिवशी त्या घरात येते, स्वयंपाकघरात चुलीजवळच्या बाकावर बसते आणि बुडताना माणसाला कसं वाटतं ते सांगते.

हे काम तिच्याकडे आलं, कारण ती स्वतः एकदा बुडून परत आलेली आहे. चिलोएच्या या दक्षिणेकडच्या बेटांवर बुडालेले पुष्कळ आहेत. परत आलेली एवढी एकच.

वाल्दिव्हियाला कॉलेज संपवून, लग्न होऊन मी इथे आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. पहिल्याच हिवाळ्यात मी ऑर्फेलिनामावशीला पाहिलं ते ओहोटीच्या वेळी, समुद्रातलं शेवाळ गोळा करताना. गुडघाभरसुद्धा पाणी नव्हतं. तरी तिच्या कमरेला जाड दोर बांधलेला आणि त्याचं दुसरं टोक किनाऱ्यावरच्या खुंटाला. होडी ओढत चाललेले दोघे कोळी जाता जाता म्हणाले, "मावशी, आज गाय सोडली नाही वाटतं?"

"गाय दूध देते रे," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्ही काय देता ते घरी बायकांना विचारून या."

अशी ती. बुटकी, रुंद, रस्त्याने चालतानाही हातात लोकरीचं विणकाम. पाण्याची भीती मात्र तिने कधी लपवली नाही. ती तोंड धूत नाही, ओल्या फडक्याने पुसते. केस धुवायचे असले की शेजारणीला बोलावते. शेजारीण एका हाताने पेला पेला पाणी ओतते आणि तिचा दुसरा हात मावशीने गच्च धरलेला असतो. चाळीस वर्षांत ती होडीत बसलेली नाही, म्हणजे चाळीस वर्षांत तिने बेट सोडलेलं नाही. एकदा दाढ सुजून गाल भोपळ्यासारखा झाला. पलीकडच्या केयोन गावच्या दवाखान्यात न्यायला होडी तयार होती. ही धक्क्यापर्यंत आली, पाण्याकडे पाहिलं आणि मागे फिरली. शेवटी सुताराने पक्कडीने दाढ काढली. आजवर उपटलेला सगळ्यात हट्टी खिळा तो, असं सुतार अजून सांगतो.

तिची गोष्ट बेटावर सगळ्यांना पाठ होती. ती एकोणीस वर्षांची असताना पलीकडच्या बेटावरच्या जत्रेहून परतणारी होडी वाटेत उलटली. सहा जण उलट्या होडीला धरून राहिले. ऑर्फेलिना आणि तिची मैत्रीण नेल्डा, दोघी दूर फेकल्या गेल्या. दुसरी होडी येईपर्यंत दोघी दिसेनाशा झाल्या होत्या. ऑर्फेलिनाचा झगा गळाला लागला. ती निळी पडली होती. पिंपावर पालथी घालून पुढे-मागे लोटली तेव्हा आधी पाणी बाहेर पडलं आणि नंतर श्वास. नेल्डा दोन दिवसांनी सापडली. तिसऱ्या दिवशी नेल्डाची आई ऑर्फेलिनाच्या बिछान्याशी येऊन बसली आणि म्हणाली, "तू तिथे जाऊन आलीस. माझ्या पोरीला फार झालं का गं?"

तेव्हा ऑर्फेलिनाने जे उत्तर दिलं, तेच ती पुढे घरोघर देत आली. मी ते सहा-सात घरांत ऐकलं असेल. शब्दही तेच.

"आधी थंडी वाजते. मग थंडी वाजायची थांबते. मग कुणीतरी अंगावर लोकरीचं पांघरूण ओढल्यासारखं वाटतं, जड, आईने विणलेलं असतं तसं. कानात घरातल्यासारखे आवाज येतात. आणि झोप लागते. एवढंच. त्याला काही कळलंसुद्धा नसेल."

हे ऐकून बायका रडायच्या, पण निराळं रडायच्या. पुरुष नाक शिंकरून सरपण आणायला उठायचे. मग कुणीतरी मावशीच्या हातात बटाट्याची गरम भाकरी ठेवायचं आणि घर पुन्हा हलायला लागायचं. मी विणकाम करणारी बाई आहे, सुटलेले टाके मला दिसतात. हे सांगताना मावशी कुणाच्या तोंडाकडे बघत नसे, विणकामाकडे बघे, आणि तिचे टाके सुटत. मी ते पाहिलं होतं. त्याचा अर्थ मी लावला नाही.

गेल्या जुलैत लादिस्लाओ गेला.

लादिस्लाओ पाणबुड्या होता. माझा दीर निवाल्दो त्याची नळी धरायचा. निवाल्दो म्हणजे माझ्या नवऱ्याचा, रेमिहिओचा, सगळ्यात धाकटा भाऊ. सासूबाई गेल्यापासून आमच्याच घरी वाढला, आता एकतीस वर्षांचा आहे. तो आणि लादिस्लाओ शाळेपासूनचे मित्र. नऊ वर्षं एका होडीवर. दोघांना एकमेकांशी पूर्ण वाक्य बोलायची गरज नसायची. रेमिहिओ म्हणायचा, "तुम्ही दोघं एकमेकांशीच लग्न लावा, पाद्रीबाबांना अर्ध्या शपथाच पुरतील."

आमच्याकडचं काम असं चालतं: होडीवर हवेचा कॉम्प्रेसर, त्याला लांब पिवळी नळी, नळीचं टोक पाणबुड्याच्या तोंडात. तो खाली तळाला कालवं आणि शिंपल्या वेचतो. वर बसलेला माणूस नळी बोटांत धरून असतो, कारण खालचा माणूस बोलतो तो नळीतूनच. एक ओढ म्हणजे नळी सोड. दोन म्हणजे पिशवी भरली, वर घे. तीन म्हणजे मला वर घे. निवाल्दोची बोटं हिवाळ्यात सुजायची, तरी तो हातमोजे घालत नसे. हातमोज्यातून लादिस्लाओ ऐकू येत नाही, म्हणायचा.

त्या दिवशी तळाला कुणी टाकून दिलेल्या जुन्या नांगराखाली नळी अडकून दुमडली. हवा बंद झाली. निवाल्दोने ओढून पाहिलं तर नळी येईना. शेजारच्या होडीचा पाणबुड्या खाली उतरला आणि लादिस्लाओला घेऊन वर आला. तळाला राहता यावं म्हणून बांधतात तो कमरेचा शिशाचा पट्टा तसाच होता. एवढं बेटाला कळलं. निवाल्दो काहीच बोलला नाही. त्याला धक्क्यावरून घरी आणला तेव्हा त्याचे हात तसेच होते, पुढे, मुठी अर्धवट मिटलेल्या, मधे नळी असावी तशा.

तिसऱ्या दिवशी दुपारी लादिस्लाओच्या आईकडे, एदुविनाबाईंकडे, प्रार्थनेला सगळं बेट जमलं. निवाल्दोला मी हाताला धरून नेला. तो दाराशी उभा राहिला. प्रार्थना झाली, शेळीच्या मटणाचा रस्सा फिरला, आणि ऑर्फेलिनामावशी चुलीजवळ बसली. एदुविनाबाई समोरच्या खुर्चीत, हात मांडीवर, शाळेत बसल्यासारख्या.

"आधी थंडी वाजते," मावशी म्हणाली. "मग थंडी वाजायची थांबते." पांघरूण आलं, आईने विणलेलं. घरातले आवाज आले. "आणि झोप लागते. त्याला काही कळलंसुद्धा नसेल."

"झोपला होता, तर ओढलं कोणी?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. निवाल्दो तीन दिवसांत पहिल्यांदा बोलला होता.

"एकदाच ओढली नळी. लांब. अशी." त्याने हात छातीकडून पुढे नेला, हळूहळू, कोपर सरळ होईपर्यंत. "एक ओढ म्हणजे सोड. मी सोडली. दोन वाव नळी सोडली मी त्याला. तो मरत होता आणि मी त्याला नळी देत होतो, घे बाबा, जा अजून लांब. मावशी, झोपलेला माणूस नळी ओढतो का?"

मावशीच्या मांडीवरून लोकरीचा गुंडा घरंगळत मेजाखाली गेला, कुणी उचलला नाही. निवाल्दो निघून गेला. एदुविनाबाई त्याच्या मागे दाराकडे बघत राहिल्या, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही वाचता येईना.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. निवाल्दो जेवत नव्हता. रेमिहिओ म्हणाला, "त्याला त्याच्या वाटेने जाऊ दे, पुरुषाला वेळ लागतो." मी म्हटलं, "वाट कुठली ते बघून मग जाऊ देईन." मी त्याचे लांब बूट कोठीत ठेवले, सुरी काढून घेतली, धक्क्याकडे जाणाऱ्या फाटकाला तारेचे वेढे दिले. कणीक मळताना, भांडी घासताना माझे कान त्याच्या पावलांवर. पावलं ऐकू येत होती तोवर मी श्वास घेत होते.

चौथ्या दिवशी सकाळी पावलं थांबली.

मी पिठाच्या हातांनी मागच्या दारी गेले. पागोळ्यांचं पाणी धरायला आमचं मोठं पिंप आहे, छातीपर्यंत येणारं. निवाल्दो त्याच्या काठांना दोन्ही हातांनी धरून उभा होता आणि त्याचं डोकं पिंपात होतं. खांदे हलत नव्हते. पाण्यावर एकही बुडबुडा नव्हता. मी त्याच्या स्वेटरला मागून धरून ओढलं. तो जागचा हलेना, काठ सोडेना. मी किंचाळले की नाही, आठवत नाही. दोन्ही हातांनी केस धरून मागे हिसडा दिला तेव्हा तो वर आला, लाल, डोळे उघडे, आणि खोकत खोकत जमिनीवर बसला.

"मरायला नव्हतो गेलो, वहिनी," तो म्हणाला. श्वास मिळाल्यावर. "मोजत होतो."

"काय मोजत होतास?"

"त्याने ओढल्यापासून मी वर खेचेपर्यंत किती वेळ गेला, तेवढं मला माहीत आहे. तेवढा वेळ आत राहून बघतोय. मला सत्तरच्या पुढे जाताच येत नाही. सत्तरला डोकं आपोआप बाहेर येतं. त्याला बाहेर यायला जागा नव्हती."

"आज किती झाले?"

"आज काठ घट्ट धरले होते," तो म्हणाला.

मी त्याचं डोकं पुसलं. त्याच्या केसांना पीठ लागलं होतं, पुसता पुसता त्याची खळ झाली. त्या दुपारी रेमिहिओने पिंप लाथेने पाडलं. पण समुद्र पाडता येत नाही. तो घराच्या तिन्ही बाजूंना होता.

पाचव्या दिवशी मी ऑर्फेलिनामावशीकडे गेले. ती बटाटे सोलत होती. सालं जाड निघत होती, बटाट्याचं अर्धं अंग सालीबरोबर.

"मावशी, त्याला खरं सांगा."

"खरं म्हणजे? मी काय आजवर खोटं सांगत आले?"

"मला माहीत नाही. तुम्हीच सांगा."

"फार शिकलेली आहेस म्हणून काहीही विचारशील?" ती तडकली. मग सुरी खाली ठेवली. "त्याला कळून काय करायचंय? झोप लागते हे ऐकून लोक झोपतात. चाळीस वर्षं झोपले. तुझी सासूसुद्धा, तिचा भाऊ गेला तेव्हा."

"निवाल्दो झोपत नाही. तो पिंपात डोकं घालून मोजतोय."

मी तिला सगळं सांगितलं. काठ घट्ट धरल्याचंही. ती ऐकत असताना तिचा श्वास लहान लहान होत गेला, धाप लागल्यासारखा. तिने एक हात मेजाच्या काठाला लावला आणि दुसऱ्या हाताने गळ्याजवळचं बटण सोडलं. मला कळलं, मी सांगत होते निवाल्दोचं आणि ती गेली होती तिच्या पाण्यात.

"जा तू," ती म्हणाली. "मला भीती वाटते. मी भित्री बाई आहे. मी कमरेला दोर बांधते, बघितलंस ना? जा."

मी आले. वाटेत रडले, घराच्या कोपऱ्यावर तोंड पुसलं आणि आत गेले.

सहाव्या दिवशी, जेवणं उरकायच्या सुमाराला, दारावर थाप पडली. ऑर्फेलिनामावशी होती आणि तिच्याबरोबर एदुविनाबाई, काळ्या शालीत.

"हिच्या मागे नाही सांगणार," मावशी मला दारातच म्हणाली. "हिच्या घरात बसून हिला एक सांगितलं. दुसरं सांगायचं तर हिच्यासमोर." आणि मग हळूच, "पाणी उकळतंय ना तुझ्याकडे? मला मातेच्या पानांचा चहा दे. कडू कर."

निवाल्दो भिंतीशी बसला होता. लादिस्लाओच्या आईला पाहून तो उठून बाहेर जायला निघाला. रेमिहिओ दारात उभा राहिला. त्याने भावाला हात लावला नाही. दार मात्र त्याच्या अंगाने भरून गेलं.

"बस," मावशी म्हणाली. "कुणी मधे बोलू नका. मधे थांबले तर मला पुन्हा सुरुवात करता येणार नाही."

तिच्या हातात विणकाम नव्हतं. चाळीस वर्षांत तिला रिकाम्या हातांनी कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही. ते हात कुठे ठेवावे तिला कळेना. शेवटी तिने मातेची वाटी दोन्ही हातांत धरली, प्यायली मात्र नाही.

"पाण्यात पडल्याबरोबर तोंड उघडतं. आपण उघडत नाही. गार पाण्याने दचकून श्वास आत ओढला जातो. मग वर येतो आपण. लोक मला विचारायचे, ओरडली का नाहीस. ओरडायला हवा लागते. वर असतो तेवढ्यात श्वास सोडायचा की घ्यायचा, एकालाही पुरेसा वेळ नसतो. कुणाला दिसावं म्हणून हात हलवावा म्हटलं तर तो हलवता येत नाही. हात आपले आपण पाणी खाली दाबत राहतात, शिडी चढावी तसे. पायऱ्या नसलेली शिडी. बघणाऱ्याला वाटतं ही पोहतेय.

"मग खाली. छातीत निखारा गिळल्यासारखं. आणि कळत असतं. हेच मी कुणाला सांगितलं नाही. सगळं कळत असतं. श्वास घ्यायचा नाही हे कळतं, आणि आता घेतला जाणार हेही कळतं. आणि घेतला जातो. पाणी आत जातं, गळा आतून आवळतो, कुणीतरी आत हात घालून मूठ मिटावी तसा. कानात ठोके. तेव्हा मला देव आठवला नाही, आई आठवली नाही. कोंबड्यांचं खुराडं लावलं की नाही ते आठवलं. एवढी मोठी भीती, ती जाऊन कोंबड्यांवर बसली. कोल्हा येईल, कोल्हा येईल, एवढंच डोक्यात."

चुलीत लाकूड फुटलं. एदुविनाबाईंचे ओठ हलत होते, प्रार्थना करत होत्या की नुसतेच, कळत नव्हतं.

"मग दिवा बारीक करावा तसं होतं. ते खरं आहे. शेवटी दुखत नाही, आणि पांघरुणासारखं काहीतरी येतं खरं. ते मी बनवलेलं नाही. मी शेवटचं तेवढं सांगत आले. आधीचं गाळत आले. नेल्डाची आई माझ्या बिछान्याशी बसली होती, तिला आधीचं कसं सांगणार होते? कारण आधीच्यात नेल्डा आहे."

ती थांबली. आम्हाला वाटलं, संपलं. तिने न प्यायलेली वाटी पुढे केली. मी ती तिच्या हातून काढून घेतली.

"नेल्डा माझ्या शेजारीच होती. तिला थोडंफार पोहता यायचं, मला काहीच नाही. माझे हात शिडी शोधत होते. त्यांना नेल्डा सापडली. मी तिच्या खांद्यांवर चढले. तिचे केस माझ्या मुठीत होते, पायाखाली तिची पाठ होती. मला ती नेल्डा आहे हे माहीतच नव्हतं. मला ती पायरी वाटली. तिच्यावर पाय देऊन मी दोन वेळा वर आले, श्वास घेतला. तिसऱ्यांदा पाय दिला तर खाली कुणी नव्हतं."

रेमिहिओ दारातून हलला आणि भिंतीला टेकला. आता निवाल्दोला बाहेर जाता आलं असतं. तो गेला नाही.

"मी तिला मारायला गेले नव्हते," मावशी त्याच्याकडे बघून म्हणाली, आता सरळ त्याच्या तोंडाकडे. "मदतीला बोलवायलाही गेले नव्हते. हाताला जे सापडतं ते हात ओढतो. लादिस्लाओच्या हाताला नळी सापडली."

"पण त्याने ओढली ती—"

"ऐक. शिशाचा पट्टा एका हाताने सुटतो की नाही?"

"सुटतो."

"त्याला माहीत होतं?"

"सोळाव्या वर्षापासून. आम्ही दोघं एकदमच शिकलो."

"पट्टा सोडून दिला असता तर वर यायची आशा होती. त्याने सोडला नाही. ज्या हाताला स्वतःच्या कमरेचा पट्टा आठवला नाही, तो हात तुला निरोप पाठवायला बसला होता असं वाटतं तुला? एक म्हणजे हे, तीन म्हणजे ते? तिथे एक-दोन-तीन नसतं रे. तो तुला काही सांगत नव्हता. तू चुकीचं ऐकलं नाहीस, कारण बोललंच नव्हतं कुणी."

मग निवाल्दोने तो प्रश्न विचारला ज्याची मला तीन दिवस धास्ती होती.

"तेव्हाच वर खेचलं असतं तर?"

मला वाटलं आता ती म्हणेल, काही उपयोग झाला नसता, बाळा. मी मनातल्या मनात तिला सांगत होते, म्हण, म्हण ना तेवढं.

"माहीत नाही," मावशी म्हणाली. "कदाचित आला असता. कदाचित नळी आणखी आवळली असती. माहीत आहे असं आज मी सांगणार नाही. आज जर एक जरी खोटं बोलले तर तू पट्ट्याचंही खरं मानणार नाहीस."

निवाल्दोने तोंड हातांत धरलं. त्याच्या घशातून आवाज आला, जनावरासारखा. मी उठायला गेले तर रेमिहिओने खुणेने थांबवलं. एदुविनाबाई उठल्या होत्या. सहा दिवसांत ती बाई रडली नव्हती. लोक म्हणत होते, धीराची आहे. त्या ऑर्फेलिनामावशीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे घाबरला होता तो."

"हो गं."

"किती वेळ?"

"चूल पेटवायला लागतो त्याहून कमी. पण घाबरला होता."

"मला माहीत होतं," एदुविनाबाई म्हणाल्या. "लहानपणी ढग गडगडले की माझ्या झग्यात शिरायचा. तो आणि झोपेल? तुम्ही सगळ्यांनी मला झोपला, झोपला म्हणून सांगितलं. मी मान हलवत होते आणि घरात एकटी त्याच्यासाठी घाबरत होते. कुणाला सांगायची सोय नव्हती." त्यांनी शाल तोंडाला लावली आणि मग त्या रडल्या, उभ्या उभ्या, मावशीच्या खांद्याला धरून. रडता रडताच त्यांचा हात मागे गेला आणि निवाल्दोच्या डोक्यावर टपली बसली, चांगली जोरात.

"आणि तू. सहा दिवस माझ्या मेजावर त्याचं ताट मांडलेलं असतं. कोण जेवणार ते? नऊ वर्षं माझ्याकडे फुकट गिळलंस ना?"

तो त्यांच्याबरोबर गेला. जेवला की नाही, मी विचारलं नाही. तेवढ्याने सगळं नीट झालं असं मी लिहिणार नाही. सातव्या दिवशी तो पुन्हा धक्क्यावर जाऊन बसला होता आणि मी फाटकाच्या तारा सोडून धावत गेले होते. तो नुसता बसला होता. मला बघून म्हणाला, "वहिनी, तुमच्या हातात पोळीचं उलथणं आहे." मीही मग तिथेच बसले, उलथणं मांडीवर घेऊन.

नवव्या दिवशी शेवटची प्रार्थना. तोपर्यंत मावशीने आमच्या घरी काय सांगितलं ते बेटभर झालं होतं. आमच्याकडे भिंती लाकडाच्या आहेत. नेल्डाचा म्हातारा भाऊ आला होता. तो मावशीजवळ आला, टोपी काढली, पुन्हा घातली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. मावशीने मान खाली घातली. ते तसंच राहिलं, अजूनही तसंच आहे.

जेवणं झाली आणि मग एकेक करून बायका चुलीजवळ यायला लागल्या. ज्यांच्या घरी मावशी पूर्वी जाऊन आली होती त्या. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ. "म्हणजे आमचाही?" असं कुणी विचारलं, की मावशी "हो" म्हणे आणि ती बाई उभी राही तोवर तिचा हात धरून ठेवी. एक जण तिला वाटेल ते बोलली. इतकी वर्षं फसवलंस म्हणाली. मावशीने तेही बसून ऐकलं. तिच्या ओठांवर घाम होता. काही जणी विचारायला आल्याच नाहीत, ताटं उचलून आत गेल्या.

सगळ्यात शेवटी फ्लोरिपा आजी आली, नव्वदीच्या घरातली, काठी टेकत. तिचा मुलगा गेला त्याला तीस वर्षं झाली असतील. ती मावशीच्या शेजारी बाकावर बसली आणि म्हणाली, "मी सगळं ऐकलंय. मला ते नको. मला तू पूर्वी सांगायचीस तेच सांग."

मावशीने निवाल्दोकडे पाहिलं. सगळ्या खोलीने पाहिलं. तो उठला. मी ताटांचा ढीग तसाच हातात धरून दाराकडे सरकले.

तो चुलीपाशी गेला. खाली वाकून त्याने दोन लाकडं आत सारली, राख झटकली आणि आजीच्या पायाशी बसला.

"सांगा मावशी," तो म्हणाला.

"आधी थंडी वाजते," ऑर्फेलिनामावशीने सुरुवात केली.